समुदाय जन्माचा की संग्रामाचा? झाशीच्या इतिहासावरून समुदायवादाची झडती

‘समुदाय’ हा शब्द सध्या मोठ्या प्रतिष्ठेने वावरतो आहे. विद्यापीठांतील तत्त्वज्ञ तो उच्चारतात, जातीच्या महासंघांचे पुढारी तो उच्चारतात आणि संस्कृतिरक्षणाचा मक्ता घेतलेली मंडळीही तो उच्चारतात. या तिघांचे हेतू एक नाहीत. परंतु तिघांचा आपल्यावरील आरोप मात्र जवळजवळ एकच आहे: मार्क्सवाद्यांनी माणसाला त्याच्या गणगोतातून, बोलीतून, चालीरीतींतून उपटून काढले आणि ‘वर्ग’ नावाच्या कोरड्या कप्प्यात कोंबले, माणूस वर्गात जगत नाही, तो समुदायात जगतो.

हा आरोप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो आपल्याही काही साथींना पटू लागला आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कॉम्रेडांना तर हा प्रश्न पुस्तकी नाहीच. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, नागपूरपलीकडची रेल्वेची गावे, कोठेही पाहा: एका बाजूला पक्षाची शाखा असते, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र मंडळ, गणेशोत्सव, जातीची सभा असते. घरचे लग्न जुळते ते शाखेत नव्हे, सभेत. आजारपणात धावून येतात तेही बहुधा तेथलेच लोक. मग या समुदायाशी आपले नाते काय असावे? त्याला शत्रू मानावे, की आपणही त्याचीच भाषा बोलू लागावे? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आणि ती का चुकीची आहेत हे झाशीच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल.

शब्दाची वंशावळ

समुदायवाद हा शब्द मूळचा प्रतिगाम्यांचा नव्हे. इंग्लंडमध्ये १८४१ साली गुडविन बार्म्बी नावाच्या एका युटोपियन समाजवाद्याने आपल्या संघटनेच्या नावात तो घातला. इंग्रजीत ‘कम्युनिझम’ हा शब्द आपणच आणला असा दावा करणाराही हाच गृहस्थ. म्हणजे ज्याला आपण साम्यवाद म्हणतो, ज्याला आज समुदायवाद म्हणतात आणि ज्याला आपल्या देशात जमातवाद म्हणून ओळखतात, त्या तिन्ही शब्दांचे इंग्रजी मूळ एकाच घरातले आहे. घर एक असले तरी भावंडांनी धरलेल्या वाटा मात्र अगदी वेगळ्या.

आजच्या समुदायवादाची तात्त्विक मांडणी झाली ती १९८० नंतरच्या दशकात. जॉन रॉल्स या अमेरिकन उदारमतवाद्याने १९७१ साली न्यायाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात आपली जात, संपत्ती, बुद्धी, श्रद्धा यांपैकी काहीच ठाऊक नसलेली माणसे न्यायाचे नियम ठरवतात अशी कल्पना होती. त्यावर अॅलस्डेर मॅकिंटायर यांनी १९८१ साली, मायकेल सँडेल यांनी १९८२ साली आणि मायकेल वॉल्झर यांनी १९८३ साली ग्रंथ लिहून हल्ला चढवला. चार्ल्स टेलर यांचीही साथ त्यांना होती. यांपैकी अनेकांना ‘समुदायवादी’ ही चिठ्ठी मान्य नव्हती. पण मुद्दा समान होता. असा निराधार, कोणाचाच नसलेला माणूस अस्तित्वात नसतो. माणसाला तो कोण आहे हे कळते ते त्याच्या कुटुंबातून, भाषेतून, परंपरेतून.

यातील टीकेचा भाग खरा आहे, हे मान्य करण्यात आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. बाजारातला एकटा, करार करणारा, सुटा माणूस ही भांडवलशाहीने निर्माण केलेली आणि मग ‘निसर्गदत्त’ म्हणून खपवलेली कल्पना आहे, हे मार्क्सने १८४५ साली फॉयरबाखवरील टिपणांतच दाखवून दिले होते. मॅकिंटायर तर तरुणपणी ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात होते. उदारमतवादाच्या रोगाचे निदान त्यांनी बरेचसे आपल्याच शाळेत शिकलेल्या विद्येने केले.

परंतु निदान बरोबर असूनही औषध विषारी असू शकते. माणूस समुदायात घडतो, हे ठीक. पण कोणत्या समुदायात? त्या समुदायात जमीन कोणाची, सत्ता कोणाची, निर्णय कोण घेतो आणि तो न पटणाऱ्याचे काय होते? हे प्रश्न न विचारता समुदायाचा गौरव करणे म्हणजे मालकाचे नाव न सांगता वाड्याचे सौंदर्य वर्णन करणे होय.

भावकीचे राज्य आणि साहेबाचा कायदा

हिंदुस्थानातील ग्रामसमुदायाच्या स्तुतीची सुरुवात कोणी केली? मुख्यत्वे राज्यकर्त्यांनीच. चार्ल्स मेटकाफ या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३० साली खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. हेन्री मेनने १८७१ साली पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ग्रामसमुदायांवर ग्रंथ लिहिला. या दोघांच्या मध्ये, १८५३ साली, मार्क्सने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिताना या चित्रावरचा मुलामा खरवडून काढला: हे शांत दिसणारे ग्रामसमुदाय एकाधिकारशाहीचा पाया होते, जातिभेदाने आणि गुलामीने ते डागळलेले होते. मार्क्सला हे समुदाय मोडणाऱ्या इंग्रजांचे कौतुक नव्हते. परंतु जे मोडले ते स्वर्ग होते असे खोटे सांगण्याचीही त्याची तयारी नव्हती.

झाशी जिल्ह्यात आणि एकंदर बुंदेलखंडात ‘भाईचारा’ नावाची जमीनधारणेची पद्धत होती. नाव किती गोड! गावाचा सारा भावकीने आपसात वाटून घ्यायचा. ‘भेजबरार’ या तिच्या एका प्रकारात एखाद्या हिस्सेदाराला आपला वाटा भरणे जमले नाही तर तो बोजा इतरांनी उचलायचा. समुदायवाद्याला यात परस्पर-जबाबदारीचा आदर्श दिसेल, आणि हिस्सेदारांपुरते ते काही अंशी खरेही होते. पण हिस्सेदार नसलेल्यांचे काय? नांगर धरणारा, गुरे ओढणारा, चामडे कमावणारा, गावाची घाण काढणारा हा या भाऊबंदकीत कोणाचाच भाऊ नव्हता. ज्यांच्या श्रमावर भाईचारा उभा होता, त्यांना त्यात हिस्सा नव्हता.

पुढे इंग्रजांनी साऱ्याची रोख वसुली सुरू केली, दुष्काळ आले आणि जमिनी सावकारांच्या घशात जाऊ लागल्या. असंतोष वाढेल या भीतीने सरकारने १८८२ साली झाशीच्या कर्जबाजारी जमीनमालकांसाठी खास कायदा केला. १९०३ साली बुंदेलखंडाचा जमीन-हस्तांतरणाचा कायदा आला. या दुसऱ्या कायद्याची रचना डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखी आहे. संरक्षण कोणाला? कसणाऱ्याला नव्हे, तर सरकारने ‘शेतकरी जमात’ म्हणून जाहीर केलेल्या जातींच्या लोकांना. अशा जमातीतील माणसाची जमीन बाहेरच्याकडे सहजासहजी जाऊ नये, असा बंदोबस्त झाला. आतल्याआत मात्र ती बड्याने छोट्याची गिळण्यास फारशी हरकत नव्हती. याच धर्तीच्या पंजाबातील १९०० च्या कायद्याचा अनुभव प्रसिद्ध आहे: बाहेरच्या सावकाराची जागा त्याच जमातीतल्या जमीनदार-सावकाराने घेतली. साम्राज्यशाहीने शेतकऱ्याचा प्रश्न जमातीचा प्रश्न करून टाकला. ऋणको आणि धनको यांना एकाच जमातीच्या छत्रीखाली बसवले, की ऋणाबद्दल बोलणे आपोआप बंद होते. समुदायवादाचे हे व्यावहारिक रूप आजही आपल्या ओळखीचे आहे. ‘आपला’ साखर-कारखानदार, ‘आपला’ आमदार, ‘आपला’ बिल्डर ही त्याचीच वंशपरंपरा.

तटावर कोण उभे होते?

आता झाशीच्या दुसऱ्या, तेजस्वी पानाकडे वळू. मराठी माणूस झाशीत प्रथम आला तो काही कामगार म्हणून नव्हे. १७४२ पासून नारोशंकर पेशव्यांचा सुभेदार म्हणून तेथे होता. पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली आणि मग राज्यपद. म्हणजे झाशीतील मराठी समुदायाचा आरंभ राज्यकर्त्यांचा, कारभाऱ्यांचा आणि त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या भिक्षुकांचा आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी पुढे ‘माझा प्रवास’ लिहिला, तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत गेलेला हा कोकणातला भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला आणि शहराची लूट व कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली. आपल्या जातीच्या मेजवान्या आणि दक्षिणा यांचे वर्णन करता करता त्याची लेखणी एका संपूर्ण शहराच्या दुःखाकडे वळते, हे त्या ग्रंथाचे मोठेपण आहे.

डलहौसीने १८५४ साली दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, तेव्हा राणीचा प्रश्न घराण्याच्या हक्काचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. जून १८५७ मध्ये झोकनबागेत इंग्रज स्त्री-पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली, हेही लपवण्याचे कारण नाही. इतिहासातील लोकलढे धुतल्या तांदळासारखे नसतात. परंतु मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने शहराला वेढा घातला, तेव्हा तटावर जे घडले ते घराण्याच्या हक्कापलीकडचे होते. तोफखान्यावर गुलाम गौस खान होता. खुदाबक्ष होता, मोतीबाई होती. या तिघांच्या कबरी आजही किल्ल्यात आहेत. विलायती म्हणून ओळखले जाणारे पठाण होते, बुंदेले होते, मराठे होते. कोरी जातीच्या, म्हणजे विणकरांच्या घरातली झलकारीबाई होती. राणीचा वेश घेऊन तिने शत्रूला झुलवल्याची कथा लोकपरंपरेने जपली आहे. शहरातल्या बायका तोफखान्यावर राबत होत्या आणि दारूगोळा वाहत होत्या, हे शत्रूच्या बाजूनेच नोंदवून ठेवले आहे. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात घुसली आणि त्यानंतरच्या कत्तलीत बळी पडलेल्यांचा पाच हजारांचा आकडा इंग्रजी लिखाणातच येतो. मारताना त्यांनी कोणाची जात विचारली नाही.

हाही समुदायच होता. पण तो जन्माने दिलेला नव्हता. समान शत्रूसमोर आणि समान कामात तो घडला. ज्या बाईच्या हातचे पाणी एरवी कोणी घेतले नसते, तिच्या हातचा तोफगोळा सर्वांनी घेतला. हा समुदाय अल्पायुषी ठरला. त्यामागे सरंजामी नेतृत्वाची मर्यादा होती: जमिनीचा आणि जातीचा प्रश्न त्याने सोडवला नव्हता, सोडवणे त्याच्या आवाक्यातही नव्हते. तट पडला, तसे ज्याचे त्याचे घर पुन्हा वेगळे झाले.

वाटून घेतलेले अठराशे सत्तावन्न

आज त्या तटाचे काय झाले आहे? राणी कोणाची, झलकारी कोणाची, गौस खान कोणाचा, अशी वाटणी चालू आहे. प्रत्येक समुदायाचा वेगळा पुतळा, वेगळी जयंती, वेगळी मिरवणूक. २००१ साली झलकारीबाईंचे टपाल तिकीट निघाले. २०२१ च्या अखेरीस झाशीच्या रेल्वेस्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्याचा निर्णय झाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. परंतु येथे एक विवेक केला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे नाव इतिहासातून पुसले गेले, त्या दलित कष्टकऱ्यांनी ‘आमची झलकारी कोठे आहे?’ असे विचारणे आणि वरिष्ठ जातींनी राणीला आपल्या कुळाचा दागिना बनवणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. पहिली मागणी दार उघडण्याची आहे. दुसरी दार लावून घेण्याची. आपले काही साथी ‘ही सारी अस्मितेची राजकारणे’ म्हणून दोन्हींना एकाच झाडूने झाडतात. ही चूक आहे. मात्र पहिली मागणी पुतळ्यापाशीच थांबवून ठेवण्यात सत्ताधाऱ्यांना जो रस असतो, तोही आपण ओळखला पाहिजे. पुतळ्याला जागा देणे त्यांना परवडते. जमीन देणे परवडत नाही.

झाशीचे दुसरे वारस

झाशीचा वारसा सांगायचा तर दुसऱ्याही काही माणसांची नावे घ्यावी लागतील. मीरत कटाच्या खटल्यात १९२९ साली साम्राज्यसत्तेने देशभरातून जे आरोपी गोळा केले, त्यांत डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी, आळवे, कासले या मुंबईच्या साथींबरोबर झाशीचे लक्ष्मणराव कदम होते. आडनाव मराठी, कर्मभूमी बुंदेलखंड. ज्या कामासाठी सरकारला त्यांची भीती वाटली ते काम मराठी मंडळ चालवण्याचे नव्हते. ते नगरपालिकेच्या कामगारांची युनियन आणि कामकरी-शेतकरी पक्ष बांधण्याचे होते. नगरपालिकेचा कामगार म्हणजे कोण, हे उत्तरेकडील शहर पाहिलेल्या वाचकाला सांगावे लागत नाही. जन्माच्या समुदायाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच्या शेजारी जाऊन बसण्याचे ते काम होते.

त्याच काळात चंद्रशेखर आजाद भूमिगत अवस्थेत झाशीच्या परिसरात राहिले. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांत भगवानदास माहौर होते आणि सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ वैशंपायन हे झाशीचे मराठी तरुणही होते. त्यांच्या संघटनेने १९२८ साली आपल्या नावात ‘समाजवादी’ हा शब्द जाणीवपूर्वक घातला. माहौर आणि मलकापूरकर भुसावळला पकडले गेले. पुढे जळगावच्या न्यायालयात माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडण्याचे प्रकरण घडले. व्यक्तिगत दहशतीच्या मार्गाबद्दल आपले मतभेद जाहीर आहेत. पण एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. आजादांच्या हौतात्म्यानंतर त्यांच्या आई जगरानीदेवी भाबऱ्यासारख्या लहान गावात एकाकी, हलाखीत दिवस काढत होत्या. तुरुंगातून सुटल्यावर मलकापूरकरांनी त्यांना झाशीला आणले आणि १९५१ साली त्यांचे निधन होईपर्यंत मुलाप्रमाणे सांभाळले. ना रक्ताचे नाते, ना भाषेचे. समुदायवादी तत्त्वज्ञ ज्या आपुलकीचा शोध परंपरेत घेतात, ती आपुलकी येथे एका समान ध्येयातून जन्मली आणि ध्येयाचा पहिला भर ओसरल्यावरही टिकली. वर्ग म्हणजे कोरडा कप्पा, असे म्हणणाऱ्यांनी या घराचा पत्ता शोधावा.

बहिष्काराचा ‘हक्क’

समुदायाची खरी परीक्षा कोठे होते? मिरवणुकीत नव्हे, नकार देणाऱ्याशी तो कसा वागतो, यात ती होते. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी घेतले, तेव्हा गावाने ‘समुदाय’ म्हणूनच त्यांच्यावर हल्ला केला. त्या परिषदेच्या संघटनेत अग्रभागी असलेले आर. बी. मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात आले, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला आणि घटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, यात समाधान व्यक्त केले. तो उदारमतवाद्याचा बाजारू व्यक्तिवाद नव्हता; गावकीने ज्याला माणूसच मानले नाही, त्या माणसाचा तो हक्काचा उच्चार होता.

मुंबई राज्याने १९४९ साली जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी विरोधी निकाल दिला होता. पंथाला आपला कारभार करण्याचे स्वातंत्र्य हवे, या युक्तिवादापुढे बहिष्कृत माणसाचे स्वातंत्र्य हरले. पुढे महाराष्ट्रात जातपंचायतींनी वाळीत टाकण्याच्या प्रकरणांविरुद्ध दीर्घ चळवळ झाली, तेव्हा कोठे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला आणि २०१७ पासून तो अंमलात आला. म्हणजे ज्याला पाश्चात्त्य तत्त्वज्ञ ‘घडवणारा समुदाय’ म्हणतात, त्याच्यापासून माणसाचे रक्षण करण्यासाठी आपल्याला एकविसाव्या शतकात फौजदारी कायदा करावा लागला.

आणि या सर्वांवर कळस चढवणारा उजवा समुदायवाद आहेच. एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दीनदयाळ उपाध्याय यांनी चार व्याख्यानांतून ‘एकात्म मानववाद’ मांडला. समाज कराराने बनत नाही, तो स्वयंभू असतो, त्याला स्वतःची ‘चिती’ असते. आणि वर्ण म्हणजे विराट पुरुषाचे परस्परपूरक अवयव. पाश्चात्त्य व्यक्तिवादावर टीका करता करता हे तत्त्वज्ञान कोठे पोचते पाहा. पायाने डोक्याशी संप करायचा नसतो! अवयवांना हक्क नसतात, केवळ कर्तव्ये असतात. अमेरिकेतही १९९६ साली गरिबांच्या सरकारी मदतीवर मुदतीची कात्री चालवली गेली, ती ‘व्यक्तीच्या जबाबदारी’च्या नावाने. वरच्यांचे हक्क शाबूत राखून खालच्यांना जबाबदारी शिकवणे, ही या भाषेची जगभरची रीत आहे.

आपली स्वतःची झडती

एवढे म्हणून थांबलो तर लेख अर्धाच राहील. समुदायवादाला आपल्या माणसांत कान मिळतात, याचा काही दोष आपल्या पदरी आहे. मे १९७४ मध्ये वीस दिवसांचा देशव्यापी रेल्वे संप झाला. अटका, बडतर्फी, वसाहतींतून बायकामुलांना बाहेर काढणे हे सारे कामगारांनी एकजुटीने सोसले. त्या वीस दिवसांत रेल्वेच्या वसाहतींमध्ये एक समुदाय घडला होता. पण संप संपल्यावर त्या समुदायाला आपण काय दिले? यार्डात झाडू कोणाच्या हाती राहिला, हा प्रश्न आपल्या युनियनांनी किती वेळा पटलावर आणला? कामगाराच्या घरी मृत्यू झाला तर युनियनचा कार्यकर्ता पोचला की जातीच्या सभेचा? त्याच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले, तेव्हा तिच्या पाठीशी कोण उभे राहिले? जेथे उत्तर ‘जातीची सभा’ असे येते, तेथे आपला पराभव तत्त्वज्ञानाने केलेला नाही. आपल्या गैरहजेरीने केला आहे.

मार्क्सने १८८१ साली वेरा झासुलिचला लिहिलेल्या पत्रात रशियातील सामुदायिक मालकीच्या खेड्याबद्दल म्हटले होते की, त्याला चहूबाजूंनी ग्रासणारे शोषण दूर केले तर ते नव्या समाजाचा आधार होऊ शकेल. म्हणजे समुदाय मोडणे हे आपले ब्रीद नव्हे. त्यातले मालक-गडी, सवर्ण-अवर्ण, पुरुष-स्त्री हे नाते मोडणे हे आपले ब्रीद आहे.

म्हणून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी साथींनी मंडळात जावे. भाषा, ग्रंथालय, नाटक, उत्सव ही जनतेची संपत्ती आहे. ती पुढाऱ्यांवर सोडून देण्याचे कारण नाही. मात्र जाताना तीन प्रश्न खिशात ठेवावेत. या मंडळात त्या गावचा मराठी सफाई कामगार सभासद आहे काय? तो अध्यक्षाला विरोध करू शकतो काय? आणि विरोध करून बाहेर पडला, तर त्याचे पाणी, काम, सोयरीक आणि सन्मान शाबूत राहतो काय? हेच प्रश्न आपल्या युनियनला आणि पक्षाच्या शाखेलाही लावावेत. त्यात सूट घेऊ नये.

ज्या समुदायात या तीन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तो कोणत्याही नावाने ओळखला जावो, आपलाच आहे. जेथे उत्तर ‘नाही’ असेल, तेथे संस्कृतीची कितीही तोरणे बांधलेली असोत, आत भावकीचा जुनाच वाडा उभा आहे. झाशीच्या तटावर १८५८ च्या वसंतात काही दिवसांपुरता जो समुदाय उभा राहिला, त्याला जमीन, समता आणि लोकशाही यांचा पाया देऊन कायमचा करणे, हे त्या सरंजामी नेतृत्वाला जमले नाही. ते काम शिल्लक आहे, आणि ते आपले आहे.